डांबराचा पैसा मोरीला: पूरहानीनंतर ग्रामीण रस्त्यांचा निधी वळवण्याचे एक प्रकरण

2025 च्या पावसाळ्याने मराठवाड्यातल्या ग्रामीण रस्त्यांना दोनदा झोडपले. ऑगस्टच्या मध्यात नांदेडच्या मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पाण्यात गेली. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सीना, सिंदफणा आणि मांजरा नद्यांनी परंडा-भूमपासून बीड-लातूरपर्यंत शेते खरवडून नेली. महिनाअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग सोडावा लागला. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात पायाभूत सुविधांसाठी 10,000 कोटी होते. मात्र जाहीर झालेला पैसा शीर्षनिहाय वाटप होऊन तालुक्याच्या बांधकाम उपविभागापर्यंत उतरायला वेळ लागतो, आणि ऊसतोड त्याची वाट पाहत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो: चालू वर्षी रस्त्यांसाठी आधीच मंजूर असलेला पैसा इकडे वळवता येईल का?

येतो, पण यादीवर दिसतो तेवढा नाही. आणि वळवलेला पैसा परत डांबरावरच घातला तर पुढच्या पावसाळ्यात तोच पंचनामा पुन्हा लिहावा लागतो. खालचे प्रकरण हे दोन मुद्दे हिशोबासह दाखवते.

प्रकरण एका तालुक्याचे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या एका बांधकाम उपविभागाचे आहे. तालुका नमुन्याचा आहे. कामांची संख्या आणि रकमा हिशोब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. नियम, निकष आणि बांधकामाची मापे प्रत्यक्षातली आहेत. आपल्या तालुक्याचे आकडे घालून हाच हिशोब कोणालाही करता येईल.

नुकसान कोणत्या रस्त्यांचे आणि कोणाच्या ताब्यातले

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, म्हणजे कागदावरचे 'इजिमा' आणि 'ग्रामा', जिल्हा परिषदेकडे. पूर ही वाटणी पाळत नाही, निधी मात्र पाळतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात आलेली यादी नेहमी फुगलेली असते. सरपंचाच्या अर्जात 'रस्ता वाहून गेला' एवढेच लिहिलेले असते. तो रस्ता कोणाचा, कोणत्या साखळी क्रमांकावर (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरावर) आणि किती लांबीत गेला, यातले काहीच नसते.

या तालुक्यात 22 रस्त्यांवर 37 ठिकाणे कळवली गेली. शाखा अभियंता, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी संयुक्त पाहणी केली. प्रत्येक ठिकाणाचा साखळी क्रमांक, तुटलेल्या भागाची लांबी-रुंदी-खोली, जिओटॅग केलेले दोन फोटो (एक प्रवाहाच्या वरच्या अंगाने, एक खालच्या) आणि त्या महसूल मंडळाची पावसाची नोंद घेतली. मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला असेल तरच अतिवृष्टी धरतात. महावेध या हवामान प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्राची नोंद जोडली की हा वाद तिथेच मिटतो. ज्या गावावर पाऊसच पडला नाही पण नदीच्या फुगवट्याने रस्ता गेला, तिथे मंडळाची नोंद कामाची नसते. अशा ठिकाणी धरणाच्या विसर्गाची तारीख-वेळ आणि पूररेषेचा पंचनामा जोडावा लागतो. हे कागद ऑक्टोबरमध्ये सहज मिळतात, मार्चमध्ये शोधत फिरावे लागते.

पाहणीनंतर 37 पैकी 4 ठिकाणे गळली. एक रस्ता अजून दोष दायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करायच्या मुदतीत होता. एका ठिकाणचे नुकसान जुने निघाले. तुटलेल्या कडेवर दोन वर्षांची वेडी बाभूळ वाढलेली होती. उरलेले दोन रस्ते रस्ते विकास योजनेतच, म्हणजे क्रमांक मिळालेल्या रस्त्यांच्या यादीतच, नव्हते. राहिलेली 33 ठिकाणे तीन प्रकारांत मोडली: 19 ठिकाणी साईडपट्टी आणि भरावाची धूप, 9 ठिकाणी मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याचे छोटे बांधकाम) शाबूत पण तिला जोडणारा पोचमार्ग गेलेला, आणि 5 ठिकाणी मोरी किंवा फरशी पूल (पुराचे पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल) गेलेला.

दोष दायित्वाच्या रस्त्याबद्दल एक इशारा. ठेकेदार 'ही नैसर्गिक आपत्ती आहे' म्हणून हात वर करतो आणि करारातल्या अटी पाहिल्या तर त्याचे म्हणणे पुष्कळदा टिकतेही. पण भरावाची दबाई कमी होती, पाईपचे सांधे भरलेले नव्हते किंवा तळाचे काँक्रीट मापापेक्षा पातळ होते, असे पाहणीत दिसले तर तो दोष आपत्तीचा नाही. तुटलेल्या कडेचा छेद डोळ्यांसमोर उघडा पडलेला असतो तोवरच हे सिद्ध करता येते. भराव पुन्हा टाकण्याआधी तिथे टेप लावून फोटो घ्यावा आणि ठेकेदाराला लेखी बोलावून घ्यावे.

रस्ता नेमका कसा जातो

पाचपैकी सर्वांत मोठ्या ठिकाणाचे उदाहरण घेऊ. ओढ्यावर 1000 मिमी व्यासाच्या चार पाईपांचा नळकांडी पूल. वरचा डांबराचा थर अजून दीड-दोन मीटर हवेत लोंबकळतो आहे, खाली भराव नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगाला पुरुषभर खोल डोह पडला आहे. दोन पाईप पुढच्या सोयाबीनच्या रानात जाऊन पडले आहेत. उरलेल्या दोन पाईपांची तोंडे उसाचे पाचट, पऱ्हाट्या आणि ठिबकच्या नळ्यांच्या गुंताळ्याने बंद आहेत.

हा डोह पाहिला की क्रम कळतो. पाईप तुंबले, पाणी रस्त्यावर चढले. रस्ता ओलांडून खाली कोसळताना पाण्याने आधी खालच्या बाजूची साईडपट्टी खाल्ली, मग भराव मागे मागे खात आले. शेवटी डांबराखाली पोकळी झाली आणि पाईपाखालची माती गेली. वरच्या बाजूने पाहणाऱ्याला 'रस्ता फुटला' असे वाटते. फुटण्याची सुरुवात खालच्या बाजूने झालेली असते. त्यामुळे खालच्या अंगाला पाया नसलेले पिचिंग (दगडी अस्तर) टाकून काही उपयोग नाही. तिथे काँक्रीटचा तळ आणि त्याच्या टोकाला जमिनीत दोन ते अडीच मीटर उतरवलेली कटऑफ भिंत लागते. वरच्या अंगाला दीड ते दोन मीटरची पुरते.

आता पाण्याचा हिशोब. या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र 4 चौरस किलोमीटर धरले आहे. छोट्या ओढ्यांसाठी डिकेन्सचे सूत्र वापरतात: क्षेत्राचा पाऊण घात घेऊन त्याला स्थिरांकाने गुणायचे. वर्षाला 600 ते 1200 मिमी पावसाच्या भागासाठी हा स्थिरांक 11 ते 14 असतो. 4 चा पाऊण घात 2.83, स्थिरांक 12 धरला तर विसर्ग सेकंदाला सुमारे 34 घनमीटर येतो. चार पाईपांचे एकूण क्षेत्र 3.14 चौरस मीटर. सेकंदाला अडीच मीटर वेग धरला तरी त्यातून 8 घनमीटरच्या आत पाणी जाते, तेही पाचट अडकले नाही तर. म्हणजे चौपट पाणी येणार हे गणितातच होते. बांधले तेव्हा ते कोणी मांडले नाही, कारण अंदाजपत्रक उपलब्ध रकमेत बसवायचे होते.

'पूर्ववत करणे' या शब्दात खरा घोटाळा आहे. आपत्ती निधीचे निकष तातडीने वाहतूक सुरू करण्यापुरते असतात: खड्डे आणि तुटलेले भराव भरणे, पाईप टाकून पाण्याला वाट देणे, बाजूने तात्पुरता वळणरस्ता करणे, पोचमार्गाची तात्पुरती दुरुस्ती. 2015 ते 2020 या काळातल्या केंद्राच्या निकषांत ग्रामीण रस्ते आणि पुलांसाठी किलोमीटरला 60 हजार रुपये धरले होते, आणि सपाट भागात हे काम 30 दिवसांत संपवायचे होते. पुढे निकष सुधारले, पण त्यांचा स्वभाव तोच राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने राज्य आपत्ती निधीत पुनर्बांधणीसाठी वेगळा वाटा ठेवला, म्हणून कायमस्वरूपी कामाला दार उघडले आहे. मात्र तिथून पैसा मिळवायला नुकसानीचे सविस्तर मूल्यमापन लागते. तालुक्याच्या एका ओढ्यासाठी त्या वाटेने जाणे दूरचे आहे.

कोणता पैसा हलतो, कोणता हलत नाही

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा पैसा मंजूर कामालाच बांधलेला असतो. नाबार्डच्या कर्जातून घेतलेल्या पुलांचे तसेच. अनुसूचित जाती उपयोजनेतून वस्तीला जोडणाऱ्या रस्त्यासाठी आलेला निधी सर्वसाधारण रस्त्याकडे नेता येत नाही, आणि नेऊही नये. ग्रामपंचायतीकडच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (2025-26 पर्यंतच्या) निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बंधित होता. अबंधित 40 टक्क्यांतून गावापुरती किरकोळ भर घालता येत होती, पण ओढ्यावर पूल होत नव्हता.

उरतात जिल्हा वार्षिक योजनेतली दोन लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाची ठरलेली खाती: 3054 आणि 5054. पहिले महसुली, देखभाल-दुरुस्तीचे. दुसरे भांडवली, नव्या बांधणीचे आणि दर्जावाढीचे. महसुली आणि भांडवली लेख्यांत पुनर्विनियोजन, म्हणजे एकाची तरतूद दुसऱ्याकडे नेणे, होत नाही. एका मागणीतून दुसऱ्या मागणीतही होत नाही. त्यासाठी विधिमंडळात पुरवणी मागणीच लागते. म्हणजे 5054 चे शिल्लक पैसे साईडपट्टी भरायला वापरता येणार नाहीत, आणि 3054 मधून नवा बॉक्स सेल (काँक्रीटचा चौकोनी गाळा) बांधला तर लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद ठरलेला.

म्हणून निधी 'वळवणे' हे बहुतेक वेळा पुनर्विनियोजन नसतेच. त्याच शीर्षातल्या मंजूर यादीतली काही कामे काढायची आणि त्या जागी पूरहानीची कामे घ्यायची, म्हणजे कामात बदल करायचा. हा फरक टिपणीच्या पहिल्या ओळीत नीट लिहिला नाही तर फाईल वित्त विभागाकडे भलत्याच शेऱ्यासाठी जाते आणि तीन आठवडे तिथेच राहते.

या तालुक्याच्या 5054 च्या यादीत 14 कामे होती, 4 कोटी 20 लाखांची. बैठकीत सगळ्यांच्या तोंडी हाच आकडा होता. पण जिल्हा वार्षिक योजनेत आधीचे दायित्व (जुन्या कामांची देणी) वजा जाता उरलेल्या नियतव्ययाच्या (वर्षासाठी ठरवून दिलेल्या रकमेच्या) दीडपट कामांना मंजुरी देण्याची पद्धत आहे, कारण जिल्हा परिषदेला निधी खर्चायला पुढचेही आर्थिक वर्ष मिळते. म्हणजे 4.20 कोटींच्या यादीमागे चालू वर्षाची रोकड 2 कोटी 80 लाखच. त्यातली 5 कामे, 1 कोटी 65 लाखांची, कार्यारंभ आदेश देऊन सुरू झालेली होती. ती थांबवली तर ठेकेदार नुकसानभरपाई मागतो, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. 2.80 मधून 1.65 गेले की उरले 1 कोटी 15 लाख. यादीवर मोकळी दिसणारी कामे मात्र 2 कोटी 55 लाखांची. पूरहानीच्या कामांना 2.55 कोटी मिळणार असे गृहीत धरून आदेश दिले तर मार्चमध्ये बीम्सवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) तरतूद कमी पडते आणि पूर्ण झालेल्या कामाचे बिल वर्षभर अडकते. पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराला तातडीच्या कामाला बोलावले तर तो येत नाही. दर चढवून भरतो, किंवा निविदाच भरत नाही.

3054 चा हिशोब सरळ होता. 1 कोटी 10 लाखांची 11 कामे. त्यातली 4 कामे (42 लाख) सुरू झालेली, 7 कामे (68 लाख) आदेशाविना.

कोणती कामे काढली

5054 मधल्या आदेश न झालेल्या 9 कामांपैकी 6 कामांना (1.60 कोटी) फक्त प्रशासकीय मान्यता होती, निविदा निघालेली नव्हती. ती सगळी काढली. उरलेल्या तिघांत एका कामाची (30 लाख) निविदा निघाली होती पण उघडलेली नव्हती. तीही रद्द केली. दोन कामांच्या (65 लाख) निविदा उघडून सर्वांत कमी दर ठरला होता, ती ठेवली. निविदा उघडण्याआधी रद्द करणे हा कार्यालयाचा साधा निर्णय असतो. उघडल्यानंतर रद्द केली तर कारण लेखी द्यावे लागते, आणि तरी तक्रार होतेच.

अशा रीतीने 1.90 कोटींची जागा झाली आणि पूरहानीची पाच बांधकामे नेमकी तेवढ्यात बसवली. तीन सेलचा एक लहान पूल 78 लाख, दोन बॉक्स मोऱ्या प्रत्येकी 32 लाख, दोन फरशी पुलांची पुनर्बांधणी प्रत्येकी 24 लाख. यात 18 टक्के जीएसटी आणि 1 टक्का कामगार उपकर धरलेला आहे. घाईत केलेल्या अंदाजपत्रकांत नेमका हाच भाग राहून जातो आणि पुढे सुधारित मान्यतेसाठी दोन महिने जातात.

रोकड 1.15 कोटी असल्याने आदेशांचा क्रम लावावा लागला. पहिल्या फेरीत लहान पूल आणि एक बॉक्स मोरी, 1.10 कोटी. उरलेली तीन कामे 80 लाखांची. त्यांच्या कार्यारंभ आदेशातच देयक पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून मिळेल असे स्पष्ट लिहिले, म्हणजे ठेकेदार दर भरताना ते धरून चालतो.

3054 मध्ये गरज 94 लाखांची होती: 9 पोचमार्ग 54 लाख, 19 ठिकाणच्या साईडपट्ट्या आणि भराव 40 लाख. हाती 68 लाख. इथे अनेक उपविभाग सगळ्यांना थोडे थोडे वाटतात. या प्रकरणात तसे केले नाही. नऊही पोचमार्ग पूर्ण घेतले, कारण अर्धा केलेला पोचमार्ग पुढच्या पुरात शाबूत मोरीलाही घेऊन जातो. उरलेल्या 14 लाखांत ज्या साईडपट्टीची धूप डांबराच्या कडेपर्यंत आली होती तेवढीच ठिकाणे घेतली. 26 लाखांची कामे मागे राहिली.

काढलेल्या कामांची गावे नाराज झाली, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्या वाडीला चार वर्षे डांबराच्या कारपेटची वाट पाहायला लावली तिला 'तुमचा पैसा शेजारच्या ओढ्यावर गेला' हे सांगणे अवघड आहे. 2022 पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे सभागृहात गावाची बाजू मांडणारा सदस्यही नव्हता. यावर एकच उपाय टिकतो. बदलाच्या टिपणीत आणि जिल्हा नियोजन समितीच्या इतिवृत्तात काढलेल्या कामांची नावे लिहून, पुढच्या वर्षीच्या यादीत ती प्राधान्याने घ्यावीत असे नोंदवायचे. तोंडी आश्वासन पालकमंत्र्यांबरोबर बदलते.

ऑक्टोबर ते मृग: कामाचा क्रम

तात्पुरत्या कामासाठी आपत्ती निधीतून 26 लाख धरले आहेत. तीन वळणरस्ते आणि काही भराव त्यातून झाले. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 50 नुसार बचाव आणि मदतकार्यासाठी तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. जिल्हा प्राधिकरणाचा तसा निर्णय मात्र लागतो. वळणरस्ता या चौकटीत बसतो. चार महिन्यांनी बांधायचा पूल बसत नाही, आणि कलम 50 दाखवून तो विनानिविदा दिला तर स्थानिक निधी लेखापरीक्षा असो वा पंचायत राज समिती, उत्तर द्यायला माणूस सापडत नाही.

वळणरस्त्यात एक गोष्ट मुद्दाम करायची असते: त्याची पातळी कमी ठेवायची. ओढ्याच्या तळावर मोठे दगड पसरून त्यावर 900 मिमीचे चार ते सहा पाईप, वर किमान 600 मिमी मुरुमाचे आच्छादन, साडेचार मीटर रुंदी, आणि खालच्या अंगाला दगडांची रास. परतीच्या पावसाचा लोंढा आला तर तो वरून जाऊ द्यावा. उंच भराव केला तर पाणी अडते, शेजारच्या रानात घुसते आणि भराव गेला की एकदम सुटते. रानात गेलेले पाईप काढून तपासले तर बरेच वापरता येतात. ते जिल्हा परिषदेची मालमत्ता आहेत. साठा नोंदवहीत घेऊन अंदाजपत्रकात त्यांची किंमत वजा करावी. हे बहुधा कोणी करत नाही, आणि पाईप हळूहळू कोणाच्या तरी शेतात जाण्यायेण्याची वाट होऊन बसतात.

वळणरस्त्याचे खरे गिऱ्हाईक ऊस आहे. नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू झाले की दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर इथूनच जातो. बैलगाडी आणि एसटीपुरता केलेला वळणरस्ता त्या वजनाखाली चार दिवसांत बसतो. आच्छादन कमी पडले की पाईप फुटतो, उतार जास्त असला की मागची ट्रॉली ओढ्यात जाते. दोन्हीकडचा उतार 1:20 च्या आसपास ठेवावा.

कायमस्वरूपी कामाची घाई ऑक्टोबरमध्ये करून उपयोग नसतो. काळी माती ओली असते, पोकलेनचा बकेट चिखल उपसतो, पाया मोजता येत नाही. तो वेळ कागदांचा. पातळीचे मोजमाप, ट्रायल पिट (पायाची जमीन पाहण्यासाठी खणलेला खड्डा), पुराच्या खुणेची उंची (वयस्क माणसाला विचारून झाडावर, विहिरीच्या कठड्यावर नोंदवलेली), अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता. या पुलात एक अडचण आली. हिशोबाने तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असे तीन सेल लागतात. पाणी दीड मीटर खोलीने वाहिले तर क्षेत्र 13.5 चौरस मीटर होते आणि 34 घनमीटर विसर्ग सेकंदाला अडीच मीटर वेगाने निघून जातो. पण 6 मीटरच्या पुढे गेलेले बांधकाम मोरी राहत नाही, लहान पूल ठरते. त्याला पायाची तपासणी आणि संकल्पचित्र वेगळे लागते. हा टप्पा टाळण्यासाठी दोनच सेल दाखवून 6 मीटरच्या आत बसवण्याचा मोह सगळीकडे होतो. तसे केले की जुन्या चार पाईपांचीच गोष्ट काँक्रीटमध्ये पुन्हा बांधली जाते. तीन सेल परवडत नसतील तर त्यापेक्षा फरशी पूल बरा: वर्षातून काही वेळा पाणी वरून जाईल, वाहतूक काही तास थांबेल, पण दोन्ही अंगांच्या कटऑफ भिंती आणि काँक्रीटचा पृष्ठभाग असल्याने पाणी ओसरले की रस्ता जागेवर असतो.

कामे ठरवून तुकडे पाडणे हा दुसरा मोह. 78 लाखांच्या पुलातून 'पोचमार्ग', 'संरक्षक भिंत' आणि 'पूल' अशी तीन अंदाजपत्रके काढली की छोट्या तुकड्यांची ई-निविदा टळते किंवा मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुली निविदा यांच्या 33:33:34 च्या वाटपात हवे तसे बसवता येते. नुकसान तांत्रिकही होते. तीन ठेकेदारांत सांध्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि पूर नेमका सांध्यातूनच शिरतो.

वेळापत्रक असे बसले: नोव्हेंबरमध्ये अंदाजपत्रके आणि तांत्रिक मान्यता, डिसेंबरमध्ये जिल्हा नियोजन समितीपुढे बदल आणि प्रशासकीय मान्यता, जानेवारीत निविदा, फेब्रुवारीत पाया. मधे आचारसंहिता लागली तर तेवढे दिवस पुढे. एप्रिलअखेर स्लॅब पडला पाहिजे, कारण त्यानंतर क्युरिंगला पाणी मिळणे कठीण होते आणि टँकरच्या पाण्यात गाव काँक्रीटला वाटा देत नाही. मे महिना पोचमार्गाच्या भरावाचा.

भरावाबद्दल तडजोड नको. ओढ्यातून उपसलेली काळी माती शेजारीच पडलेली असते आणि ती फुकट असते, म्हणून तीच पुलामागे ढकलतात. ती पावसात फुगते, उन्हात तडकते आणि पुलाच्या टोकाला रस्ता बसून पायरी पडते. इथे मुरूमच हवा: 200 ते 250 मिमीचा सुटा थर, पाणी मारून, रोलरने दाबून, मग पुढचा. भिंतीच्या अगदी लगत मोठा रोलर जात नाही, तिथे छोटा कंपक वापरावा. मुरुमाचे गौण खनिज परवाने तहसीलमधून आधीच काढून ठेवले नाहीत तर मे महिन्यात काम तिथेच थांबते, आणि मग रात्रीत काळी माती टाकली जाते.

यादीतून गळलेले दोन रस्ते

रस्ते विकास योजनेत नसलेल्या दोन रस्त्यांवर या सगळ्या खटपटीतून एक रुपया आला नाही. दोन्हींवर वस्ती होती, एकावर शाळेची मुले रोज ओढा ओलांडत होती. क्रमांक नसलेल्या रस्त्याला दोन्ही शीर्षांतून खर्च दाखवता येत नाही. आपत्ती निधीतून तिथे फक्त पाण्याला वाट करून दिली गेली. अशा रस्त्यांसाठी ग्रामसभेचा ठराव, गाव नकाशावर दाखवलेली लांबी, रुंदीसाठी लगतच्या शेतकऱ्यांची संमती आणि दर्जोन्नतीचा प्रस्ताव पावसाळ्याआधीच बांधकाम विभागात दाखल असावा लागतो. या तालुक्यात तो नोव्हेंबरमध्ये दाखल झाला. ग्रामीण मार्गाचा क्रमांक मिळेपर्यंत तिथला पुढचा पंचनामाही महसूलच्या कागदावर होईल. बांधकामच्या यादीत तो येणार नाही.